तेलविहीर आणि गोड्या पाण्याची पाणथळं: तवंग गेल्यावर काय उरतं?

गोडंपाणी (धागाकर्ती)

मुंबईत राहणाऱ्या माणसाला तेलगळती म्हटलं की समुद्रच आठवतो. मुंबई हाय आपल्यापासून साधारण १६० किलोमीटरवर. ऑगस्ट २०१० मध्ये एमएससी चित्रा आणि खलिजिया ही दोन जहाजं बंदराच्या तोंडाशी एकमेकांवर आदळली, शेकडो टन तेल सांडलं आणि खाडीकाठची खारफुटी काळी पडली. ते फोटो अनेकांच्या डोळ्यांसमोर असतील. जमिनीवरच्या तेलविहिरीशेजारच्या तळ्यात, बिलात (आसामात उथळ, पाणथळ तळ्याला बील म्हणतात), दलदलीत काय होतं, यावर मात्र मराठीत फारसं वाचायला मिळत नाही. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. गोड्या पाण्यातले मासे आणि पाणकिडे हा माझा विषय. म्हणून हा धागा.

आपल्या देशातलं अलीकडचं ठळक उदाहरण आसामचं. तिनसुकिया जिल्ह्यात बागजान इथे ऑइल इंडियाची पाच नंबरची विहीर २७ मे २०२० ला फुटली. आतून वायू आणि कंडेन्सेट, म्हणजे वायूबरोबर येणारं पातळ, हलकं तेल, दाबाने वर येत राहिलं. ९ जूनला आग लागली. दोन अग्निशमन कर्मचारी त्यात गेले. हजारो लोकांना घरं सोडून छावण्यांत राहावं लागलं. विहीर पुरती बंद व्हायला नोव्हेंबरचा मध्य उजाडला. विहिरीच्या एका अंगाला डिब्रू-सैखोवा राष्ट्रीय उद्यान, दुसऱ्या अंगाला मागुरी-मोटापुंग बील. उघड्यावर येणारं कंडेन्सेट पावसाच्या पाण्याबरोबर आणि वाऱ्याबरोबर सरळ बिलात गेलं. मेलेले मासे तरंगले, गंगेच्या डॉल्फिनचं कलेवर सापडलं, गवत जळून काळं झालं. भारतीय वन्यजीव संस्थेच्या पाहणीत पाण्यात आणि माशांच्या शरीरात पीएएच सापडले. ही तेलातली अनेक कड्यांची सुगंधी संयुगं. त्यातली काही कर्करोगाला कारण ठरतात. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने जून २०२० मध्ये कंपनीला अंतरिम २५ कोटी रुपये भरायला सांगितले.

विहीर बंद झाली, तवंग दिसेनासा झाला, स्थलांतरित पक्षी परत आले. फेब्रुवारी २०२१ मध्ये तर याच बिलात मँडरिन बदक दिसलं. आसामात त्याआधीची नोंद शंभरहून जास्त वर्षांपूर्वीची होती. ते पाहून माझ्याच ओळखीतल्या चांगल्या जाणत्या लोकांनी "बील सावरलं" असं म्हटलं. मला ते पटत नाही, आणि का पटत नाही तेच सांगायचं आहे. एक बदक चार दिवस उतरलं यावरून पाण्याच्या वरच्या वीतभर थराबद्दल काहीतरी कळतं. तळाच्या चिखलाबद्दल काहीच कळत नाही. आणि पाणथळाचा हिशोब चिखलात असतो.

तेल पाण्यात गेलं की त्याचे तीन भाग तीन वाटांनी जातात. बेंझिन, टोल्युइनसारखा हलका भाग काही तासांत, फार तर काही दिवसांत उडून जातो. पण तो पाण्यात विरघळणाराही असतो, त्यामुळे पहिल्या दिवसांतली मरतुक बहुतेक त्याच्यामुळे होते. दुसरा भाग तवंग म्हणून वर राहतो, जलपर्णीत आणि गवतात अडकतो. तिसरा, जड भाग गाळाच्या कणांना चिकटून खाली बसतो. पाणथळाच्या चिखलात वरचे काही मिलिमीटर सोडले तर प्राणवायू नसतो. तेल खाणारे जिवाणू प्राणवायू असेल तर झपाझप काम करतात, नसेल तर त्यांचं काम अतिशय संथ चालतं. म्हणून उघड्या पाण्यातलं तेल महिन्यांत जातं आणि चिखलातलं वर्षानुवर्षं राहतं. दर पुरात, दर वेळी म्हशी पाण्यात उतरल्या की तो चिखल ढवळतो आणि थोडं थोडं वर येतं.

आता माशांचं. समुद्रातल्या माशांहून इथे एक मोठा फरक आहे, आणि सर्वसाधारण लेखांत तो सुटतो. दलदलीतले आपले नेहमीचे मासे, मरळ, मांगूर, शिंगी, कवई, हे कल्ले असूनही हवेचा घोट घ्यायला वर येतात. उन्हाळ्यात पाण्यातला प्राणवायू संपत आला की बाकीचे मासे मरतात आणि हे तगतात, ते याच सवयीच्या बळावर. वर तवंग असेल तर प्रत्येक घोटाला तोंड तेलातून बाहेर काढावं लागतं. म्हणजे जे मासे सगळ्यात चिवट, तेच तेलाच्या सगळ्यात जास्त संपर्कात येतात. पाणविंचू, पाणभुंगे, डासांच्या अळ्या यांचंही तसंच. श्वासासाठी ज्याला पृष्ठभाग लागतो, त्याला तवंग चुकवता येत नाही.

लिहिण्यासारखं अजून बरंच आहे, पण आधी तुमचे प्रश्न येऊ देत.

---

दुलियाजनची_लेक

ताई, धागा वाचून राहवलं नाही. माझं लहानपण आसामातल्या दुलियाजनला गेलं, बाबा तिथे नोकरीला होते. आता डोंबिवलीत आहे. मागुरी बिलावर आम्ही हिवाळ्यात बदकं बघायला जायचो. होडीवाले तिथलेच, मासेमारीही तेच करायचे. बायका गुडघाभर पाण्यात उतरून जाकोईने मासे धरायच्या. जाकोई म्हणजे बांबूची त्रिकोणी खोल पाटी. ती तळाशी टेकवून धरायची आणि पायाने चिखल ढवळत मासे तिच्यात हाकलायचे. गोरोई, शिंगी, कावोई, असले चिखलातले मासे त्यातच मिळतात.

तुम्ही चिखलाचं लिहिलंत तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर हेच आलं. त्या बायकांचे पाय, हात, सगळं त्याच चिखलात असतं. तवंग गेला म्हणून त्यांचं काम पाण्याच्या वरच्या थरात होत नाही.

आणखी एक. तिथले लोक तेल कंपनीच्या विरोधात सरसकट नाहीत. डिगबोईला १८८९ पासून तेल निघतंय. कित्येक घरांत पिढ्यान्पिढ्या तेलातली नोकरी आहे. मुंबईत बसून आपण "बंद करा" म्हणतो तेव्हा हे लक्षात ठेवायला हवं.

---

गोडंपाणी

@दुलियाजनची_लेक, जाकोईबद्दल लिहिलंस ते फार मोलाचं आहे. पाहणी करणारे बहुतेक वेळा पाण्याचा नमुना बाटलीत घेऊन जातात. पाय बुडतात त्या खोलीवरचा चिखल तपासायला हवा, हे तुझ्या एका वाक्यात आलं. आणि नोकऱ्यांचं म्हणणं पूर्ण मान्य.

---

मडवाला

नमस्कार. मी जमिनीवरच्या रिगवर मड इंजिनिअर होतो, गुजरात आणि राजस्थानात. आता ठाण्यात असतो. धागा चांगला आहे, पण ब्लोआउट, म्हणजे विहीर अशी फुटणं, हा अपघात आहे आणि क्वचित होतो. रोजच्या कामातून जे पाणथळात जातं त्यावरही बोलायला हवं, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

विहीर खणताना बिटच्या, म्हणजे खडक फोडणाऱ्या टोकाच्या, तोंडातून मड सोडतात. मड म्हणजे पाण्यात बेंटोनाइट माती, वजनासाठी बॅराइट आणि इतर रसायनं. ते खाली जातं, खडकाचा चुरा उचलून बाहेरच्या बाजूने वर येतं. वर शेल शेकर नावाची थरथरणारी चाळणी असते. तिच्यावर चुरा वेगळा होतो, मड परत टाकीत. या चुऱ्याला आम्ही कटिंग्ज म्हणतो. एका विहिरीचे शेकडो टन कटिंग्ज निघतात. ते आणि वापरून संपलेलं मड खड्ड्यात टाकतात. खड्ड्याला जाड प्लॅस्टिकचं अस्तर असावं लागतं.

कागदावर हे सगळं ठीक. गुजरातच्या कोरड्या जागी चालूनही जातं. पण आसामसारख्या ठिकाणी, पुराच्या मैदानात, पावसाळ्यात खड्डा काठोकाठ भरतो. खड्ड्याच्या काठापासून पातळी किती खाली ठेवायची याला फ्रीबोर्ड म्हणतात. तो राखायचा तर रोज पंप चालवावा लागतो. एक रात्र मोठा पाऊस झाला, पंप बंद पडला, बांध थोडा कच्चा असला की सगळं शेजारच्या शेतात आणि तिथून बिलात. त्याची बातमी होत नाही.

मड विषारी असतंच असं नाही. पाण्यावर आधारलेलं मड तसं सौम्य. पण बारीक माती पाण्यात पसरली की काय होतं ते ताईच सांगतील.

---

गोडंपाणी

@मडवाला, दादा, ही माहिती पुस्तकात या भाषेत मिळत नाही. मनापासून आभार.

बारीक मातीचं सांगते. बेंटोनाइटचे कण इतके लहान की दिवसचे दिवस खाली बसत नाहीत. पाणी गढूळ राहतं, उजेड खाली पोचत नाही, पाण्याखालच्या वनस्पती मरतात. बसले की तळावर घट्ट थर होतो. माशांची तळाला घातलेली अंडी त्याखाली गुदमरतात. चतुरांची पिल्लं, मेफ्लाय, गोगलगायी, शिंपले यांना त्या थरात जगणं कठीण. उरतात ट्युबिफेक्ससारखे किडे आणि चिलटांच्या लाल अळ्या. मत्स्यालयवाले ज्याला ब्लडवर्म म्हणतात त्या. तळाचा नमुना चाळला आणि फक्त याच दोन जाती सापडल्या, तर पाण्याचा अहवाल कितीही चांगला असो, ते तळं आजारी आहे.

आणि तुम्ही एक गोष्ट लिहिली नाहीत, ती मी विचारते. प्रोड्यूस्ड वॉटर?

---

मडवाला

बरोबर धरलंत. खरा मोठा प्रश्न तोच आहे.

तेलाबरोबर जमिनीखालचं पाणीही वर येतं. विहीर जुनी होत जाते तसं तेल कमी आणि पाणी जास्त. जगाची सरासरी एका पिंपामागे तीन पिंपं पाणी अशी धरतात. हे पाणी लाखो वर्षं खडकात मुरलेलं, काही क्षेत्रांत समुद्रापेक्षा कितीतरी खारट. त्यात विरघळलेले तेलाचे अंश, बेरियम, कुठे कुठे रेडियमसुद्धा. समुद्रावर ते ठरावीक मर्यादेपर्यंत तेल काढून समुद्रात सोडतात. जमिनीवर योग्य पद्धत एकच, त्याच खडकात किंवा दुसऱ्या खोल थरात पुन्हा दाबून भरायचं. त्याला खर्च येतो. वेगळी विहीर, पंप, पाइप. जिथे देखरेख ढिली तिथे तो खर्च वाचवायचा मोह होतो.

---

गोडंपाणी

गोड्या पाण्यात दर लिटरला अर्धा ग्रॅमपेक्षा कमी मीठ असतं, समुद्रात सुमारे ३५ ग्रॅम. गोड्या पाण्यातल्या माशाचं रक्त बाहेरच्या पाण्यापेक्षा खारट असतं. त्याच्या कातडीतून आणि कल्ल्यांतून पाणी आत शिरत राहतं. मासा ते पातळ लघवीवाटे सतत बाहेर टाकतो आणि कल्ल्यांतून मीठ ओढून घेतो. आयुष्यभर हे चालू असतं. बाहेरचं पाणी अचानक खारट झालं की ही सगळी व्यवस्था उलटी करावी लागते, आणि बहुतेक जातींना ती करता येत नाही. बेडकांची अंडी आणि डॅफ्निया हे छोटे पाणपिसू तर फार आधी जातात. डॅफ्निया गेले की शेवाळ खाणारं कोणी उरत नाही आणि तळं हिरवं होतं. तिथे तेलाचा एक थेंबही दिसत नाही. तक्रार कोण करणार?

मीठ कुजत नाही, उडत नाही. वाहून गेलं तरच जातं. आणि बंदिस्त तळ्यातून वाहून जाणार कुठे?

पेरूच्या अ‍ॅमेझॉनमध्ये कोरिएंतेस नदीच्या खोऱ्यात अनेक दशकं हे पाणी तसंच ओढ्यांत सोडलं गेलं. तिथल्या अचुआर लोकांनी २००६ मध्ये तेलाच्या जागा अडवून धरल्या आणि पाणी परत जमिनीत भरण्याचं लेखी कबूल करून घेतलं. त्याच भागात नंतर कॅमेरे लावून पाहिलं तर टॅपिरसारखे जंगली प्राणी तेलाने माखलेली माती चाटायला येताना दिसले. त्या जंगलात मीठ दुर्मिळ, त्यामुळे खारट माती त्यांना ओढून घेते. हे वाचलं त्या दिवशी माझं कशातच लक्ष लागलं नव्हतं.

---

तांडेल

आमी माहुलचे कोळी. खाडीतच जन्म गेला. ताई, तुम्ही गोड्या पाण्याचं लिवलंय तरी मना खाडीची गोष्ट सांगाविशी वाटते.

आमच्याकडं दर पावसाळ्यात किनाऱ्याला डांबराचे गोळे येतात. जाळ्याला लागले का सुटत नाय. घासलेट घेऊन पुसावं लागतं. कुठल्या जहाजाचं, कुठल्या पायपाचं, कोण सांगणार. निवट्या पकडायला चिखलात हात घातला का कधी कधी बोटाला काळं लागतं आणि वास येतो. म्हणून तुमची चिखलाची गोष्ट आमाला लगेच पटली.

पण आमच्याकडं भरती-ओहोटी हाय. दिवसातून दोनदा खाडी धुतली जाते. त्या बिलाला कोण धुणार? पूर आला तरच.

आणि एक विचारतो. माशाला वास येत असंल तर खावा का नको?

---

गोडंपाणी

तांडेलदादा, भरती-ओहोटीचं तुम्ही म्हणालात तो शास्त्रातलाही मुख्य फरक आहे. समुद्रात पाणी बदलतं, लाटा तेल फोडतात, मीठ असल्याने पाणी जड असतं. गोडं पाणी हलकं, म्हणून जड तेल त्यात लवकर बुडतं. आणि तेल विरघळवायची फवारणीची रसायनं खाऱ्या पाण्यासाठी बनवलेली, गोड्या पाण्यात ती नीट चालत नाहीत.

वासाबद्दल: घासलेटचा वास येणारा मासा खाऊ नये. पण वास नाही म्हणजे सुरक्षित, असंही नाही. मासा हा पाठीचा कणा असलेला प्राणी, त्याचं यकृत पीएएच तोडून पित्तावाटे बाहेर टाकू शकतं. म्हणून स्वच्छ पाण्यात काही आठवडे राहिला तर मांस बऱ्यापैकी निवळतं. शिंपल्या, कालवं, तिसऱ्या यांच्यात ती यंत्रणा फार कमजोर, त्यांच्यात साठत जातं. गळतीनंतर सगळ्यात आधी शिंपल्या बंद करायच्या आणि सगळ्यात शेवटी सुरू करायच्या.

---

पवईकर

वाचतोय. एक स्थानिक शंका. आमच्याकडे तलावाच्या काठाला कधी कधी इंद्रधनुष्यासारखा तवंग दिसतो. सोसायटीच्या ग्रुपवर लगेच "तेल सोडलंय" असे मेसेज फिरतात. खरंच तेल असतं का? ओळखायचं कसं?

---

गोडंपाणी

याला प्रयोगशाळा लागत नाही. एक काडी घ्या आणि तवंगात हळूच फिरवा. तवंग तडकला, कोन असलेले तुकडे झाले आणि ते तुकडे एकमेकांपासून लांबच राहिले, तर तो लोहजिवाणूंचा थर. साठलेल्या पाण्यात, पालापाचोळा कुजत असेल तिथे हा आपोआप येतो. जवळ नारिंगी, गंजासारखा गाळही दिसेल. काडी काढल्यावर तवंग गोल फिरून पुन्हा मिटला, रंगांचे पट्टे वळून एकत्र आले, तर पेट्रोलियमची शक्यता मोठी. मग नाकाने खात्री करा आणि फोटोऐवजी व्हिडिओ घ्या, कारण हा फरक हालचालीतच दिसतो.

---

पवईकर

आज सकाळी करून पाहिलं. गवताच्या बाजूला तवंग तडकला, तुकडे तसेच राहिले. रस्त्याचं पाणी जिथे उतरतं त्या तोंडाशी मात्र पुन्हा एकत्र आला. तिथे वास पण होता. व्हिडिओ ग्रुपवर टाकलाय.

---

सडेतोड

सगळं वाचलं, माहिती उत्तम. पण दुसरी बाजूही यावी. आपण कच्च्या तेलातलं ८५ टक्क्यांहून जास्त आयात करतो. आपल्याकडे जे थोडं आहे तेही काढायचं नाही म्हटलं तर इराक, रशियाचं घ्यायचं. तिथल्या पाणथळांचं काय होतं ते आपल्याला दिसत नाही, इतकंच. मुंबईतली प्रत्येक बस, प्रत्येक गॅस सिलिंडर कुठून तरी येतोच. मग आपल्या जमिनीवर, आपल्या कायद्याखाली काढलेलं तेल बरं नव्हे का?

---

गोडंपाणी

@सडेतोड, मुद्दा योग्य आहे आणि मी तेल काढूच नका असं म्हणत नाहीये. "आपल्या कायद्याखाली" हे शब्द मात्र नीट पाहू.

जानेवारी २०२० मध्ये पर्यावरण आघात मूल्यमापनाच्या अधिसूचनेत बदल झाला. तेल-वायूचा शोध घेण्यासाठीच्या विहिरी 'अ' वर्गातून काढून 'बी-२' मध्ये टाकल्या. बी-२ म्हणजे तपशीलवार आघात अहवाल नाही आणि जनसुनावणीही नाही. शोध लागून उत्पादन सुरू करायचं तेव्हाच्या अटी वेगळ्या. पण खणणं, मड, कटिंग्ज, ब्लोआउटचा धोका, हे सगळं शोधाच्या विहिरीलाही असतंच. बिलातल्या माशाला विहीर शोधाची की उत्पादनाची, काय फरक पडतो?

दुसरं, पाणथळांचे २०१७ चे नियम अधिसूचित पाणथळांना आणि रामसर स्थळांना, म्हणजे रामसर या आंतरराष्ट्रीय करारातल्या यादीत असलेल्या पाणथळांना, लागतात. आसामात रामसर स्थळ एकच, दीपोर बील, २००२ पासूनचं. मागुरी-मोटापुंग त्यात नाही. आपल्या महाराष्ट्रात तीन आहेत, नांदूर मधमेश्वर, लोणार आणि २०२२ मध्ये आलेली ठाण्याची खाडी. देशात गावोगावच्या छोट्या पाणथळांना असं कवच नाही. म्हणजे तुमचा मुद्दा खरा ठरवायचा असेल तर आधी तो कायदा असायला हवा ना?

---

मडवाला

@सडेतोड, मी या धंद्यात आयुष्य काढलं, त्यामुळे तुमच्या बाजूनेच बोलेन असं वाटत असेल. तेल लागतं हे खरंच. पण नीट काढता येतं हेही खरं आहे. पाणथळापासून लांब रिग लावून तिरकी विहीर काही किलोमीटर आत नेता येते. मड बंद टाक्यांत ठेवता येतं, उघडा खड्डा लागतच नाही. पाणी परत भरता येतं. हे सगळं आजही होतं, फक्त कंत्राटात लिहिलेलं असेल तर होतं. तिरक्या विहिरीने धोका संपत नाही हे मात्र लक्षात घ्या. विहिरीचं तोंड जिथे, ब्लोआउट तिथे. तोंडच बिलाच्या काठावर असेल तर उद्यानाखाली खणलं काय किंवा सरळ खणलं काय, बिलाला तेवढाच धोका.

वर्कओव्हर, म्हणजे जुन्या विहिरीची दुरुस्ती, हे नव्या खणण्यापेक्षाही नाजूक काम. काही टप्प्यांत वरचं बीओपी, म्हणजे ब्लोआउट रोखणारी विहिरीच्या तोंडावरची झडप, काढावं लागतं. तेव्हा आत भरलेला द्रव आणि सिमेंटचा बूच, एवढ्यावरच दाब धरलेला असतो. सिमेंट सुकायला वेळ लागतो तेवढा द्यावाच लागतो. घाई केली की संपलं.

---

भटका_जीव

मी काही काळ पोर्ट हारकोर्टला होतो, नायजेरियात. नदीमुखाच्या त्या प्रदेशात गोडं पाणी, खारं पाणी, दलदल सगळं एकमेकांत मिसळलेलं. गावातली पोरं तवंगाच्या पाण्यात पोहताना मी पाहिली आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०११ मध्ये त्याच भागातल्या ओगोनीलँडचा अहवाल दिला. एका गावाच्या पिण्याच्या विहिरींत बेंझिन जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्या ९०० पट सापडलं. सगळं सावरायला २५ ते ३० वर्षं लागू शकतील असं त्यात म्हटलं होतं. तिथे तेलाचं काम कधीच थांबलं होतं, तरी ही स्थिती. गळती चोरांमुळे की कंपनीमुळे हा वाद तिथे सतत चालतो, पण पाणी दोन्हीकडून सारखंच नासतं.

---

तिसरं_वर्ष

मॅम, मी झूलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे, परळला. आम्हाला एलसी-५० शिकवलंय, ९६ तासांत निम्मे मासे मरतील ती मात्रा. तेलाचं प्रमाण त्याच्या कितीतरी खाली असेल तर सुरक्षित म्हणायचं का?

---

गोडंपाणी

फार चांगला प्रश्न. उत्तर नाही, आणि त्याची दोन कारणं सांगते.

पहिलं, ९६ तासांत मोठा मासा मेला नाही म्हणजे अंड्यातलं पिल्लू ठीक आहे असं होत नाही. १९८९ च्या एक्झॉन व्हाल्डेझ गळतीनंतर अलास्कात पिंक साल्मनच्या अंड्यांवर जे काम झालं त्यातून कळलं की अब्जात काही भाग इतक्या पीएएचनेही वाढत्या गर्भावर परिणाम होतो. तीन कड्यांची संयुगं हृदयाच्या स्नायूंतल्या आयनांच्या वाटा अडवतात. हृदयाभोवती पाणी साठतं, ठोके अनियमित होतात. काही पिल्लं तिथेच मरतात. जी जगतात त्यांचं हृदय कमकुवत राहतं, पोहताना दमतात, शिकाऱ्याच्या तोंडी जातात. ती कुठेही तरंगताना दिसणार नाहीत. पुढच्या वर्षी जाळ्यात मासे कमी येतात आणि कारण कुणालाच सापडत नाही.

दुसरं कारण ऊन. पीएएच शोषलेल्या पारदर्शक गर्भावर किंवा डॅफ्नियावर सूर्याची अतिनील किरणं पडली की विषारीपणा अनेक पटींनी वाढतो. संयुग प्रकाश शोषतं आणि पेशीच्या आतच प्राणवायूचे घातक रेणू तयार होतात. आपल्या प्रयोगशाळेतल्या चाचण्या ट्यूबलाइटखाली होतात. गुडघाभर खोल बिलात दुपारचं ऊन तळापर्यंत पोचतं. तू प्रोजेक्ट करणार असशील तर एक टब गच्चीत ठेव आणि एक आत. तेल नको, साध्या पाण्यात नुसता डॅफ्नियाच ठेव, म्हणजे आधी उन्हाचा स्वतःचा परिणाम कळेल. पुढचं मार्गदर्शकांना विचारून.

---

तिसरं_वर्ष

थँक यू मॅम!! नक्की करते. डॅफ्निया कुठे मिळतील?

---

तांडेल

क्रॉफर्ड मार्केटच्या मासेवाल्या दुकानांत विचार पोरी. रंगीत माशांचं खाणं म्हणून ठेवतात.

---

दुलियाजनची_लेक

एक व्यवहाराचा प्रश्न. माझ्या मैत्रिणीच्या माहेरी, तिकडेच, नव्या विहिरीची चर्चा आहे. गावातले लोक विचारताहेत की आपण काय मागायचं. नुसतं "नको" म्हटलं तर कोणी ऐकत नाही. नुकसानभरपाई मागितली तर पैसे मिळतात आणि प्रश्न तिथेच संपतो.

---

गोडंपाणी

आधी परिवेश पोर्टलवर, म्हणजे पर्यावरण मंजुरीच्या सरकारी संकेतस्थळावर, त्या प्रस्तावाची कागदपत्रं शोधायला सांग. तिथे ती कुणालाही पाहता येतात. नकाशा उघडून विहिरीच्या जागेपासून बिलापर्यंतचं अंतर पुराच्या दिवसांतल्या पाण्यापासून मोजायचं, उन्हाळ्यातल्या काठापासून नाही. कागदांत बहुतेक उन्हाळ्यातला काठ धरतात आणि तिथेच निम्मी लढाई हरते.

मग सगळ्यात महत्त्वाची मागणी: खणण्याआधीचा चिखल. बागजानला अपघातानंतर पाहणी झाली, पण तुलना कशाशी करायची? कोणत्याही नव्या जागी पहिला ट्रक यायच्या आधी, पावसाळ्यापूर्वी एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा, बिलाच्या ठरावीक जागांवरून तळाचा चिखल, तळातले किडे आणि शिंपले यांचे नमुने घ्यावेत. ते कंपनीकडे न ठेवता जवळच्या विद्यापीठात गोठवून ठेवावेत. पुढे काही झालं तर "हे तेल आधीपासूनच होतं" हे उत्तर देता येणार नाही. विहीर बंद झाल्यावरही निदान दहा वर्षं त्याच जागांवरून नमुने घेत राहायचं, हे मंजुरीच्या अटीत लिहून घ्यायचं. माझं मत विचारशील तर भरपाईच्या रकमेपेक्षा ही एक अट जास्त मोलाची आहे.

आणि नमुने घेताना जाकोई धरणाऱ्या बायका बरोबर हव्यात. मासे कुठे अंडी घालतात, कुठला कोपरा उन्हाळ्यातही आटत नाही, हे त्यांना माहीत असतं. जो कोपरा आटत नाही, तिथेच उन्हाळ्यात सगळे मासे गोळा होतात. तो नासला तर पुढच्या पावसाळ्यात बिलात परत पसरायला काही उरत नाही.

---

मडवाला

त्यात माझ्याकडून तीन अटी लिहा, लेकी. एक, उघडा खड्डा नको, मड आणि कटिंग्ज बंद टाक्यांत, ट्रकने बाहेर न्यायचे, आणि कुठे नेले त्याची पावती पंचायतीला. दोन, प्रोड्यूस्ड वॉटर परत भरायची विहीर तेलाच्या विहिरीआधी तयार पाहिजे. "नंतर करू" म्हणतील, मानू नका. तीन, जून ते सप्टेंबर वर्कओव्हर नको. पुरात काही बिघडलं तर यंत्रसामग्री पोचवायला रस्ताच नसतो.

मसुदा झाला की इथे टाक. मी रात्री वाचून त्यातले तांत्रिक शब्द नीट करून देईन, म्हणजे समोरच्या इंजिनिअरला पळवाट राहणार नाही.

---

दुलियाजनची_लेक

रविवारपर्यंत टाकते काका. असमियात करावा लागेल, पण आधी मराठीत लिहिते, म्हणजे तुम्हा दोघांना तपासता येईल.